अटींचा अन्वय

पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीची प्रबंधिका तपासताना आम्ही एका आकड्यापाशी अडलो. विषय होता जुन्या मासिकांतील स्त्रियांचे लेखन. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असलेल्या मासिकांची लेखवार सूची आम्ही काही सहकाऱ्यांच्या मदतीने संगणकावरील विदागारात, म्हणजे रूढ शब्दात डेटाबेसमध्ये, भरली आहे. तीवरूनच हा आकडा काढलेला होता. ज्या नोंदींत लेखक पुरुष असल्याची खात्री आहे त्या वगळाव्यात आणि उरलेल्या मोजाव्यात, असा तिचा विचार होता. उरलेल्यांत स्त्रियांचे लेखन येईल, निनावी लेखनही येईल. म्हणजे हाती येणारी संख्या ही स्त्रियांच्या लेखनाची कमाल मर्यादा ठरेल. त्याप्रमाणे तिने 'लेखकाचे लिंग पुरुष नाही' अशी अट घातली. संख्या फारच लहान आली, आणि 'या काळात स्त्रियांनी मासिकांतून अत्यल्प लिहिले' असे विधान त्या संख्येवर उभे राहिले.

तर्क सरळ आहे, मराठी वाक्यही निर्दोष आहे. तरीही उत्तर चुकीचे होते. निनावी लेख, केवळ आद्याक्षरांवर भागवलेले लेख, ज्यांच्यामागची व्यक्ती कळत नाही अशी टोपणनावे, या साऱ्या नोंदींत लिंगाचा रकाना आम्ही रिकामा ठेवला होता. आणि विदागाराने त्यातली एकही नोंद मोजली नव्हती. ज्या लेखनात स्त्रियांचा शोध घ्यायचा, नेमके तेच लेखन मोजणीतून गळाले होते. हे सांगताना एक कबुली दिली पाहिजे. पहिल्या वाचनात आम्हीही त्या पानावर बरोबरची खूण केली होती.

आम्ही दोघेही मराठीचेच अध्यापक. संगणकशास्त्राचे औपचारिक शिक्षण आमच्यापाशी नाही. सूची भरताना आणि वापरताना जे शिकावे लागले तेवढेच ज्ञान. पण या प्रसंगानंतर आमचे एक मत पक्के झाले आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा लेख. विदागाराला प्रश्न विचारताना लिहायची अट हे तंत्रज्ञाचे नव्हे, भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि संशोधनपद्धतीच्या अभ्यासपत्रिकेत त्याला जागा मिळाली पाहिजे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. १९७० साली आयबीएम या कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवावी आणि ती संगणकात प्रत्यक्ष कोठे, कोणत्या क्रमाने साठवली आहे याच्याशी विचारणाऱ्याला कर्तव्य नसावे, हा त्यातील मुख्य विचार. १९७४ साली त्याच प्रयोगशाळेतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा सुचवली. तिचे मूळ नाव 'सीक्वेल'. पुढे ती 'एसक्यूएल' या नावाने रूढ झाली आणि १९८६ साली अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. संगणकाचे तज्ज्ञ नसलेल्यांनाही ती वापरता यावी अशी तिच्या कर्त्यांची अपेक्षा होती. म्हणून तिची घडण इंग्रजी वाक्यासारखी आहे: अमुक रकाने निवड, अमुक तक्त्यातून, जेथे अमुक अट खरी असेल. आमच्या विवेचनाचा विषय आहे तो हा 'जेथे' नंतरचा भाग.

या भाषेचे वैशिष्ट्य असे की तिच्यात काय हवे ते सांगायचे असते, कसे शोधायचे ते सांगायचे नसते. कसे शोधायचे हे ठरवणारा विदागारातील घटक म्हणजे 'ऑप्टिमायझर'. त्याला मराठीत 'योजक' म्हणता येईल. पण रूढ शब्दच आम्ही पुढे वापरतो.

हा ऑप्टिमायझर काय करतो हे साहित्याच्या विद्यार्थ्याला समजावून सांगताना आम्हाला फार दूर जावे लागत नाही. मोरोपंतांची आर्या वर्गात शिकवताना आपण आधी अन्वय लावतो. कर्ता शेवटच्या चरणात असेल, क्रियापद पहिल्या चरणात असेल. आपण पदे उचलून गद्याच्या क्रमाने मांडतो. शब्द तेच राहतात, अर्थही तोच राहतो, क्रम मात्र आकलनाला सोयीचा होतो. मीमांसकांनी तर याचा शास्त्रीय विचार केला आहे. अग्निहोत्राचे हवन आणि यवागू, म्हणजे पेज, शिजवणे, या दोन विधींपैकी वचनात हवन आधी आले आहे. पण पेज हवनासाठीच असल्याने ती आधी शिजवली पाहिजे हे उघड आहे. येथे पाठक्रमापेक्षा अर्थक्रम बलवान, असा त्यांचा निर्णय. ऑप्टिमायझर नेमके हेच करतो. आपण अटी ज्या क्रमाने लिहिल्या तो त्याच्या लेखी पाठक्रम असतो. कोणती अट आधी तपासली तर श्रम वाचतील हे तो स्वतः ठरवतो. लेखांचा तक्ता आणि लेखकांचा तक्ता जोडून १९२० पूर्वीचे लेख मागितले, तर आधी सर्व तक्ते जोडून मग वर्ष पाहण्याऐवजी तो वर्षाची अट आधी लावतो आणि उरलेल्या थोड्या नोंदीच जोडतो.

यातून एक व्यावहारिक धडा निघतो. अटींच्या क्रमावर विसंबून काही लिहू नये. 'पृष्ठसंख्या शून्य नाही, आणि किंमत भागिले पृष्ठसंख्या दोनपेक्षा अधिक' असे लिहिणारा मनात धरून चालतो की पहिली अट आधी तपासली जाईल आणि शून्याने भागण्याचा प्रसंग येणार नाही. ही खात्री एसक्यूएल देत नाही. क्रम खरोखरच महत्त्वाचा असेल तर 'केस' या रचनेने तो स्पष्ट सांगावा लागतो. कवितेत क्रम हाच अर्थ असू शकतो. अटीत तो नसतो. अट हे गद्यातले गद्य आहे.

परंतु अन्वय लावणारा जसा कवीचे वाक्य दुरुस्त करत नाही, तसा ऑप्टिमायझरही आपली अट दुरुस्त करत नाही. तो वेगाची काळजी घेतो, अर्थाची जबाबदारी लिहिणाऱ्याची. ही वाटणी ध्यानात आली की पुढच्या बहुतेक चुका भाषेच्या चुका म्हणून ओळखता येतात.

पहिली चूक 'आणि' या अव्ययाची. 'पुणे आणि मुंबई येथून निघणारी मासिके द्या' हे मराठी वाक्य स्वच्छ आहे. पण 'शहर पुणे असेल आणि शहर मुंबई असेल' अशी अट लिहिली तर एकही नोंद मिळणार नाही. कारण अट प्रत्येक नोंदीला स्वतंत्रपणे विचारली जाते, आणि एका नोंदीच्या शहराच्या रकान्यात दोन शहरे असू शकत नाहीत. मराठीतील 'आणि' येथे समूहांची बेरीज करतो. अटीतील 'आणि' एकाच वस्तूच्या अंगी दोन गुण मागतो. म्हणून येथे 'किंवा' हवा.

दुसरी चूक विशेषणाच्या व्याप्तीची. 'जुनी पुस्तके आणि मासिके' यात मासिकेही जुनी आहेत काय, हा प्रश्न व्याकरणाच्या तासाला आपण विचारतो. अटींत हा प्रश्न कंसांनी सोडवलेला असतो, आणि कंस नसतील तर 'आणि' हा 'किंवा'पेक्षा आधी बांधला जातो. 'प्रकार कथा किंवा प्रकार कविता आणि वर्ष १९६० नंतरचे' असे लिहिले तर १९६० नंतरच्या कविता आणि सर्व काळातील कथा एकत्र मिळतात. साठोत्तरी कथेच्या संख्येत मग एकोणिसाव्या शतकातल्या कथाही बसतात, आणि आकडा पाहून कोणाला संशयही येत नाही.

तिसरी चूक नकाराची. 'कथा किंवा कविता नकोत' म्हणजे दोन्ही नकोत. पण 'प्रकार कथा नाही किंवा प्रकार कविता नाही' ही अट ज्या नोंदीचा प्रकार भरलेला आहे तिला लागू पडतेच. कथा ही कविता नसते आणि कविता ही कथा नसते. नकार कंसात शिरला की 'किंवा'चा 'आणि' होतो. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्याच देशात, मदुराई येथे जन्मले. ऑप्टिमायझरला हा नियम ठाऊक असतो आणि तो त्याचा उपयोगही करतो; परंतु आपल्या मनात कोणता नकार होता हे त्याला ठाऊक नसते.

चौथी गोष्ट चूक नव्हे, उपकार आहे. 'साठोत्तरी' हा शब्द आपण समीक्षेत किती सहजपणे वापरतो! अट लिहिताना मात्र १९६० हे वर्ष धरायचे की वगळायचे हे सांगावेच लागते. 'दरम्यान' असे लिहिले तर दोन्ही टोके धरली जातात. लेख मासिकात आला ते वर्ष घ्यायचे की संग्रहात आला ते, हेही ठरवावे लागते. संदिग्ध संज्ञेला अट आश्रय देत नाही. आमच्या मते एखादी वाङ्मयीन संज्ञा अटीच्या रूपात लिहून पाहणे ही तिची उत्तम परीक्षा आहे. ती लिहिता आली नाही तर संज्ञा टाकाऊ ठरत नाही. पण ती मोजण्याजोगी नाही, एवढे प्रामाणिकपणे कळते.

आता ऑप्टिमायझरच्या मर्यादांकडे वळू. १९७९ साली पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या आयबीएममधील सहकाऱ्यांनी एक निबंध लिहिला. आजच्या बहुतेक ऑप्टिमायझरांचे कूळ तेथपर्यंत पोहोचते. प्रत्येक संभाव्य मार्गाचा खर्च अंदाजाने काढायचा आणि सर्वांत स्वस्त मार्ग निवडायचा, ही त्यांची पद्धत. संभाव्य मार्ग किती असावेत? पाच तक्ते एकापाठोपाठ एक जोडायचे तर १२० क्रम होतात. दहा तक्त्यांचे ३६,२८,८००. सगळे तपासणे परवडत नाही, म्हणून लहान जोडण्यांचे उत्तम मार्ग लक्षात ठेवून त्यांवर मोठ्या जोडण्या रचतात. आणि खर्च काढायचा तर कोणत्या अटीतून किती नोंदी उरतील याचा अंदाज हवा. काहीच माहिती नसेल तर 'अमुक रकाना अमुक मूल्याइतका' ही अट दहातली एक नोंद ठेवील, असे त्या निबंधात गृहीत धरले होते. दोन अटी 'आणि'ने जोडल्या तर दोन्ही अंदाजांचा गुणाकार करायचा.

या गुणाकारातच मेख आहे. समजा, आपल्याकडे प्राचीन काव्याच्या १ लाख नोंदी आहेत. त्यांतील ५,००० तुकारामांच्या आहेत आणि १०,००० नोंदींचा प्रकार अभंग आहे. 'कवी तुकाराम आणि प्रकार अभंग' अशी अट दिली की विसावा हिस्सा गुणिले दहावा हिस्सा असा हिशेब करून ऑप्टिमायझर ५०० नोंदींची अपेक्षा धरतो. मराठीचा कोणताही विद्यार्थी सांगेल की उत्तर ५,००० च्या आसपास येणार, कारण तुकारामांचे काव्य प्रामुख्याने अभंगांतच आहे. ऑप्टिमायझर मात्र दोन अटी परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे समजतो. पाचशेच नोंदी आहेत या समजुतीने तो प्रत्येक नोंदीसाठी दुसऱ्या तक्त्यात स्वतंत्र फेरी मारण्याचा मार्ग घेतो, आणि दहापट फेऱ्या मारून थकतो. 'पोस्टग्रेएसक्यूएल' या मुक्त प्रणालीत २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून असे परस्परावलंबी रकाने त्याला वेगळे सांगून ठेवता येतात. पण कोणते रकाने एकमेकांत गुंतले आहेत हे कोणी सांगायचे? कवी आणि छंद, संप्रदाय आणि प्रकार, प्रकाशक आणि गाव यांचे नाते साहित्याचा अभ्यासकच जाणतो.

अनुक्रमणिकेचीही गोष्ट अशीच. विदागारात एखाद्या रकान्याची सूची करून ठेवली तर शोध झटपट लागतो. पुस्तकाच्या शेवटच्या नामसूचीसारखीच ती वर्णानुक्रमाने लावलेली असते. 'खा' ने सुरू होणारी आडनावे तीत चटकन सापडतात. 'कर' ने संपणारी आडनावे मागितली तर? खानोलकर 'ख' मध्ये, माडगूळकर 'म' मध्ये. सबंध सूची चाळण्यावाचून गत्यंतर नाही. त्याचप्रमाणे 'तारखेतून वर्ष काढले असता ते १९६० येते' अशी अट लिहिली तर तारखांची नेहमीची सूची निरुपयोगी ठरते, कारण सूची तारखांची आहे, काढलेल्या वर्षांची नाही. 'तारीख १ जानेवारी १९६० किंवा नंतरची, आणि १ जानेवारी १९६१ पूर्वीची' असे लिहिले की अर्थ तोच राहतो आणि सूची उपयोगी पडते. रकान्याला मोकळे ठेवून तुलना करावी, हा यातला नियम. 'एक्स्प्लेन' ही आज्ञा दिली तर ऑप्टिमायझरने निवडलेला मार्ग त्याच्या अंदाजांसह दिसतो. वर्गात तो एकदा दाखवावा. मुलांना त्यात अन्वय लावण्याचाच आनंद मिळतो, असा आमचा अनुभव आहे.

मराठीपुरती एक खास अडचण आहे. 'वऱ्हाड' हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. त्यातील अर्धा र काहीजण खास 'ऱ' या अक्षराने लिहितात, काहीजण साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. 'बरोबर आहे काय' या तुलनेत ते वेगळे ठरू शकतात. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वीच्या नोंदींत ते 'अ'वर चंद्र देऊन साधलेले असे. ऑप्टिमायझर कितीही चतुर असला तरी हे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. नोंदी भरतानाच लेखनाची एक रीत ठरवावी लागते, आणि ती ठरवायला लिपी जाणणारा माणूस लागतो.

आता पुन्हा त्या रिकाम्या रकान्याकडे. विदागारात रिकाम्या जागेला 'नल' म्हणतात. तो शून्य नव्हे, कोरा मजकूरही नव्हे. तो 'माहीत नाही' आहे. त्यामुळे येथील तर्क द्विमूल्य राहत नाही. अट खरी असते, खोटी असते किंवा अज्ञात असते. ज्या नोंदीचे लिंग माहीत नाही तिला 'पुरुष आहे काय' असे विचारले तर उत्तर अज्ञात. 'पुरुष नाही काय' असे विचारले तरी उत्तर अज्ञातच. आणि 'जेथे' हा शब्द केवळ खऱ्या उत्तरांना आत घेतो. खोटे आणि अज्ञात दोघेही दाराबाहेर. 'पुरुष' आणि 'पुरुष नाही' या दोन अटींच्या उत्तरांची बेरीज एकूण नोंदींइतकी येत नाही, याचे कारण हे आहे. आमच्या विद्यार्थिनीला 'लिंग पुरुष नाही, किंवा लिंग रिकामे आहे' असे लिहायला हवे होते.

याचे एक उग्र रूप असे: 'ज्यांचे नाव अमुक यादीत नाही असे लेखक' मागितले आणि त्या यादीत एक जरी जागा रिकामी असली, तर उत्तर म्हणून एकही लेखक मिळत नाही. रिकामी जागा कोणाचीही असू शकते. म्हणून कोणाबद्दलही 'यादीत नाही' असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. विदागार येथे आपल्यापेक्षा अधिक काटेकोर वागतो. 'यादीत अशी नोंद अस्तित्वात नाही' असा प्रश्न विचारला तर हा पेच टळतो, आणि अनेक प्रणालींत ऑप्टिमायझरलाही चांगला मार्ग मोकळा होतो.

यावर दोन आक्षेप आम्ही ऐकले आहेत. पहिला असा की हे ग्रंथपालांचे किंवा संगणक विभागाचे काम. त्यांचे साहाय्य मोलाचेच आहे. पण निनावी लेखन म्हणजे पुरुषांचे लेखन नव्हे, आणि स्त्रियांच्या लेखनाचा इतिहास लिहिताना तीच जागा सर्वाधिक नाजूक आहे, हे ज्ञान संगणक विभागाकडून कसे अपेक्षावे? दुसरा आक्षेप आजचा आहे. आता मराठीत प्रश्न विचारला की यंत्रच क्वेरी लिहून देते. मग शिकायचे कशाला? आम्ही उलट म्हणतो. यंत्राने लिहिलेली अट चटकन चालते, सुबक उत्तर देते, आणि 'आणि'चा कोणता अर्थ तिने घेतला हे आपण वाचल्याशिवाय कळत नाही. लिहिण्याचे कष्ट वाचले असतील. वाचण्याची जबाबदारी वाढली आहे. आणि वाचन हा तर आपला व्यवसाय आहे.

म्हणून सूचना एवढीच. संशोधनपद्धतीच्या अभ्यासात चार-पाच तास अटींसाठी राखावेत. त्यांत 'आणि', 'किंवा', नकार, कंस आणि रिकामी जागा एवढेच शिकवावे. ऑप्टिमायझरची तोंडओळख व्हावी. आणि विदागारावरून काढलेला कोणताही आकडा प्रबंधात येईल तेथे त्यामागची अट शब्दशः छापावी. उद्धरणाचे पृष्ठ देणे आपण जसे बंधनकारक मानतो, तसेच हेही मानावे.

त्या विद्यार्थिनीने अट बदलली. नवी संख्या पहिलीच्या कितीतरी पुढे गेली. तिच्यात स्त्रियांचे लेखन किती आणि निनावी पुरुषांचे किती हे अर्थातच कळले नाही. तिने ते तसेच लिहिले: निश्चितपणे स्त्रियांचे एवढे, निश्चितपणे पुरुषांचे एवढे, आणि ज्यांचे कर्ते अद्याप अज्ञात आहेत असे एवढे. 'अत्यल्प' हा शब्द तिने स्वतःहून खोडला. आम्ही आमची बरोबरची खूण खोडली, आणि त्या तिसऱ्या आकड्याखाली नवी केली.